चपलेवरून भाव

समजा, तुम्हाला एक स्टूल दिलंय. घरगुती यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दुकानात, काउंटरच्या कडेला, पंख्याचा वारा पोचत नाही अशा कोपऱ्यात. काम सोपं आहे. गिऱ्हाईक आत आलं की त्याच्या पायांत काय आहे ते टिपायचं, आणि दुकानदार दुरुस्तीचे किती सांगतो ते टिपायचं. मध्ये बोलायचं नाही.

झिजल्या टाचांची चप्पल मिक्सर घेऊन येते. तिला भाव कमी. पॉलिश केलेला बूट मिक्सर घेऊन येतो. त्याला जवळजवळ दुप्पट. अंगठा तुटलेली, खिळ्याने जोडलेली चप्पल येते; तिला आणखी कमी. आठवडाभरात तुम्ही दुकानदाराने तोंड उघडायच्या आधी मनातल्या मनात भाव सांगू लागता, आणि तो बरोबर येतो. महिन्याभराने तुमची खात्री पटते, की हा माणूस यंत्राकडे बघतच नाही, पायांकडे बघतो.

इथे तुम्ही चुकलात. वाईट वाटून घेऊ नका. ज्यांची ही गोष्ट आहे त्या अर्थशास्त्राच्या बाईसुद्धा याच स्टुलावर बसून इथेच चुकल्या होत्या, आणि त्यांच्याकडे तर डॉक्टरेट होती.

बाई तेव्हा तिशीच्या आत होत्या. विद्यापीठात नुकत्याच लागलेल्या, खोलीला खिडकी नसलेल्या. त्यांनी दोन वर्षं अशी दुकानं पालथी घातली आणि एक शोधनिबंध लिहिला. निबंध लांबलचक होता, त्यात तक्ते होते, समीकरणं होती, आणि शेवटाकडे एक वाक्य होतं: दुरुस्तीचा भाव यंत्राच्या बिघाडावरून कमी आणि गिऱ्हाइकाच्या पायांतल्या वस्तूवरून जास्त ठरतो. तक्ते लोक विसरले. वाक्य राहिलं.

संशोधकाच्या जगात राहणं म्हणजे काय, तर दुसऱ्याने आपलं नाव घेणं. कोणी नवा निबंध लिहितो, आपलं म्हणणं पक्कं करायला शेवटी जुन्या निबंधांची यादी देतो. त्या यादीत तुमचं नाव आलं की ते एक सायटेशन. जितकी सायटेशन्स जास्त, तितके तुम्ही मोठे. नाव चांगल्यासाठी घेतलं की वाईटासाठी, हे मोजणारा बघत नाही. बाईंच्या वाक्याला सायटेशन्स लागली ती गुळाला मुंगळे लागावेत तशी. बाजारपेठेवर लिहिणारे, मानसशास्त्रावर लिहिणारे, एकाने तर घोड्यांच्या व्यापारावर लिहिताना ते वाक्य घेतलं. परिषदांमध्ये बाईंना कोणी नावाने ओळखत नसे, "अच्छा, चप्पलवाल्या बाई!" असं म्हणून लोक आधी त्यांच्या पायांकडे बघत.

चूक सापडली ती बारा-पंधरा वर्षांनी, वर्गाची तयारी करताना. बाईंनी विद्यार्थ्यांना सरावासाठी आपलीच जुनी माहिती दिली होती. आदल्या दिवशी उत्तरं तयार करताना त्यांनी सहज म्हणून नोंदी वेगळ्या पद्धतीने मांडल्या: पायांत काय होतं यावरून नव्हे, तर यंत्रातला कोणता भाग बदलला यावरून. चांगले बूट घालणारे लोक नव्या मॉडेलचे मिक्सर आणत होते. नव्या मॉडेलची मोटर अख्खी बंदिस्त येते. बिघडली की सगळीच बदलावी लागते. जुन्या मॉडेलमध्ये फक्त कार्बनचा छोटा तुकडा बदलला की काम भागतं. भाग एकच असेल, तर बूट आणि चप्पल यांच्या भावात काही फरक उरत नव्हता. दुकानदार बिचारा यंत्राकडेच बघत होता. पायांकडे बाई बघत होत्या.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी घरात सांगितलं. नवरा दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवतो. घराच्या मागच्या खोलीत त्याची छोटी कार्यशाळा आहे, आणि त्याच्या बाह्यांवर कायम प्लास्टरची पांढरी पूड असते.

"म्हणजे इतकी वर्षं चुकीचंच चाललंय?" तो म्हणाला.

"वाक्य चुकीचं आहे. निबंध तसा ठीक आहे."

"माझी कवळी बसली नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. बोलता येत नसतं, पण शिव्या कळतात. तुझं बरंय. तुझं वाक्य कोणाच्या तोंडात टोचत नाही."

सासूबाईंनी ताटावरून मान वर केली. "पायातली वहाण पायातच बरी म्हणतात," त्या म्हणाल्या, "हिने ती थेट पुस्तकात नेऊन ठेवली. आता काढ म्हणावं."

बाईंनी काढायचा प्रयत्न केला. त्यांनी दुसरा निबंध लिहिला. पहिल्यापेक्षा आखूड, स्वच्छ, आणि प्रामाणिक. ज्या मोठ्या नियतकालिकाने पहिला छापला होता, त्याने उत्तर दिलं की यात नवा शोध काही नाही, फक्त जुना शोध खरा नाही असं म्हटलंय. शेवटी तो एका छोट्या नियतकालिकात आला. पुढच्या काही वर्षांत त्याला दोन सायटेशन्स मिळाली. एक बाईंचं स्वतःचं. दुसरं चुकून, त्या लेखकाला बाईंच्याच आडनावाचा, माशांवर संशोधन करणारा कोणी माणूस हवा होता.

पहिला निबंध मात्र धावतच राहिला.

हे सगळं एरवी पोटात ठेवून जगता आलं असतं. पण विद्यापीठाने प्राध्यापकपदासाठी अर्ज मागवले. बाई कितीतरी वर्षं सहयोगी म्हणून अडकल्या होत्या, आणि पुढची फेरी होईपर्यंत त्यांचं वय अटीत बसणार नव्हतं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. निवड व्हायची ती मुख्यतः दोन गोष्टींवर: किती लिहिलं, आणि लिहिलेल्याचा किती लोकांनी संदर्भ दिला. बाईंनी लिहिलं बरंच होतं. पण सायटेशन्सचा डोंगर म्हणाल तर तो एकाच निबंधाचा, आणि तो निबंध म्हणाल तर एकाच वाक्याचा.

अर्ज भरायच्या आधी बाईंनी असं काम केलं जे त्यांच्या धंद्यात सहसा कोणी करत नाही. आपला संदर्भ देणारे निबंध त्यांनी उघडून वाचले. मिळतील तेवढे सगळे. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्यात गेली. वाचता वाचता एक गंमत लक्षात आली. त्यांचा निबंध छापला गेला तेव्हा त्याच्या पहिल्या पानाचा क्रमांक दोनशे तेरा होता. एका पुनरावलोकन लेखात कोणाच्या तरी बोटाने तो तीनशे बारा केला. त्या वर्षानंतरच्या बहुतेक सगळ्या निबंधांत तीनशे बाराच होता. त्या नियतकालिकाच्या तीनशे बाराव्या पानावर कापसाच्या गाठींबद्दल काहीतरी आहे. म्हणजे मूळ निबंध कोणी उघडलाच नव्हता. दुसऱ्याने पहिल्याचं बघून लिहिलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं, आणि पुढे मेंढरांमागे मेंढरं.

बाई विभागप्रमुखांकडे गेल्या. विभागप्रमुख वयाने लहान, स्वभावाने बरे, आणि कायम कुठल्या ना कुठल्या बैठकीच्या वाटेवर.

"सर, माझ्या आकड्यातून पहिल्या निबंधाची सायटेशन्स वजा करायची आहेत."

त्यांनी खुर्चीत बसता बसता मध्येच थांबून विचारलं, "का? कोणी तक्रार केलीय?"

"नाही. तो निष्कर्ष चुकीचा आहे. मीच दाखवलंय."

"कोणाला?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"बाई, समिती आकडा बघते, वाक्य बघत नाही," विभागप्रमुख म्हणाले. "वजा केलंत तर उरतं काय? हातात कमंडलू. आणि पलीकडच्या विभागातले ते दोघे माहितीयेत ना? हा त्याचा संदर्भ देतो, तो ह्याचा. अहो रूपम् अहो ध्वनी, दहा वर्षं चाललंय. त्यांना लाज वाटत नाही आणि तुम्हाला, ज्यांचं नाव लोक आपणहून घेतात..."

"न वाचता घेतात."

"देवाचंही न बघताच घेतात. भरा अर्ज."

बाईंनी तरीही वजा करायचं ठरवलं. पण अर्ज संगणकावर होता. आकड्याची चौकट आपली आपण भरली जाई. कुठल्यातरी दूरच्या यंत्रणेतून आकडा येऊन तिथे बसे. संशोधन कक्षातल्या कारकुनाने त्यांना शांतपणे समजावलं की आकडा कमी दिसत असेल तर तक्रार करायची सोय आहे. जास्त दिसतोय अशी तक्रार आजवर कोणी केली नसल्यामुळे तसं बटण नाही. मग बाईंनी दुसरा निबंध जोडपत्र म्हणून लावला आणि वर लिहिलं, 'कृपया पहिल्यासोबत हा वाचावा.'

मुलाखतीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. पलीकडे समिती, अलीकडे एकटी खुर्ची, मध्ये बिस्किटांची बशी, जिला कोणी हात लावत नव्हतं. बाहेरून आलेले ज्येष्ठ तज्ज्ञ, बाई बसायच्या आधीच, बोलू लागले.

"म्हणजे त्या तुम्हीच! मी दर वर्षी शिकवतो तुमचा निबंध. वर्गातली मुलं ताबडतोब पाय बाकाखाली घेतात."

"सर, तो निष्कर्ष चुकलाय. मी दुसरा निबंध जोडलाय त्यात—"

"पाहिला, पाहिला. विनय चांगली गोष्ट आहे. पण मुलाखतीत जरा आवरता घ्यावा."

"विनय नाही हो सर. चुकलंच आहे ते."

"चुकलेलं असतं तर एवढ्या लोकांनी उचललं असतं? आगीशिवाय धूर निघत नाही, बाई."

"चूल एकच आहे सर," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी तिचा धूर तेवढा डब्यात भरून नेलाय."

समिती मनापासून हसली. ज्येष्ठ तज्ज्ञांनी ते वाक्य लिहून घेतलं, बहुधा पुढच्या वर्षी वर्गात सांगायला. मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या, उद्योगांशी संपर्क बघणाऱ्या सदस्य बाईंनी घसा साफ केला.

"मला वाटतं, यांच्या कामाची खरी बाजू इथे कोणी मांडलीच नाही," त्या म्हणाल्या. "नुसते निबंध नाहीत. दुरुस्तीची दुकानं चालवणारी एक मोठी साखळी आहे, शहरोशहरी शाखा आहेत. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या कारागिराला ते एक प्रशिक्षणपुस्तिका देतात. तिच्यात या निबंधाचा आधार घेतलाय. समाजावर परिणाम म्हणतात तो हाच. याचे वेगळे गुण द्यायला हवेत."

आता बाईंनी पहिल्यांदाच समोरचा पाण्याचा पेला उचलला. "काय लिहिलंय त्यात?" त्यांनी विचारलं.

"पाठवते मी तुम्हाला एक प्रत," सदस्य बाई प्रेमाने म्हणाल्या.

नेमणुकीचं पत्र आधी आलं, पुस्तिका नंतर. पत्र आलं त्या दिवशी नवऱ्याने कार्यशाळा लवकर बंद केली. सासूबाई म्हणाल्या, "काही म्हण, चप्पल पावली." बाईही हसल्या. पद मिळालं याचा आनंद त्यांना झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पगार वाढला, खोलीला खिडकी आली. फक्त ते ज्या वाक्यावर मिळालं, ते वाक्य त्या खिडकीतून बाहेर टाकता येत नव्हतं, इतकंच.

पुस्तिका पातळ होती, चकचकीत कागदाची. 'गिऱ्हाइकाशी बोलताना' या प्रकरणात एका चौकटीत छापलं होतं: भाव सांगण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या पायांकडे एक नजर टाका. संशोधनाने सिद्ध झालं आहे. खाली बारीक अक्षरांत बाईंचं नाव, निबंधाचं नाव, आणि पान तीनशे बारा.

त्याच आठवड्यात घरातला मिक्सर बंद पडला. जुनं मॉडेल, कार्बन झिजला होता. नवऱ्याने पाच मिनिटांत घरीच बसवला असता. बाई म्हणाल्या, "थांब, हात लावू नकोस." मिक्सर पिशवीत घालून, बागकामाचे फाटके कॅनव्हासचे बूट घालून बाई त्याच साखळीच्या जवळच्या शाखेत गेल्या. काउंटरमागे चाळिशीची एक कारागीर बाई होती, केसांत टेस्टर खोचलेली. तिने मिक्सर उलटा केला, झाकण उघडलं, आत बघितलं. मग काउंटरवरून किंचित पुढे वाकून खाली बघितलं. मग भाव सांगितला.

ती नजर क्षणभराची होती. बाईंनी आयुष्यात हजारो पाय बघितले होते. भाव ठरवायला आपल्या पायांकडे कोणी बघताना त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

"विचार करून सांगते," असं म्हणून त्या मिक्सर घेऊन परत आल्या. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला समारंभासाठी घेतलेले काळे बूट कपाटातून काढून घालायला लावले. शेजारणीकडे त्याच मॉडेलचा मिक्सर होता. तो उसना आणला. नवऱ्याने कवळीकामाच्या पकडीने त्यातला कार्बन काढून तिथे घरचाच झिजलेला तुकडा बसवला.

"चांगला मिक्सर बिघडवायला मी एवढा शिकलो नव्हतो," तो म्हणाला.

"बोलू नकोस. भाव विचार आणि परत ये."

तो गेला तेव्हा काउंटरवर तीच कारागीर बाई होती. परत आला तो हसत. "माझ्या बुटांचा एवढा मान आजवर झाला नव्हता," असं म्हणून त्याने आकडा सांगितला. बाईंना मिळालेल्या भावापेक्षा तो चांगलाच वर होता. यंत्र तेच, भाग तोच, बिघाड तोच.

एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे बाई पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. म्हणून पुढचं वर्षभर त्यांनी हेच काम नीट केलं. एकाच मॉडेलचे मिक्सर, एकच झिजलेला भाग, वेगवेगळे पाय, वेगवेगळ्या शाखा, आणि साखळीत नसलेली दुकानंसुद्धा. निकाल स्पष्ट आला. भाग एकच असला तरी बुटाला भाव जास्त आणि चपलेला कमी. साखळीत फरक मोठा, बाहेर थोडा कमी, पण होता सगळीकडे. सुटी दुकानं चालवणारे बरेचजण आधी साखळीतच काम शिकलेले निघाले.

मोठ्या नियतकालिकाच्या संपादकांचं उत्तर या वेळी लगेच आलं, आणि ते आनंदाचं होतं. लेखिकेच्या पूर्वीच्या प्रसिद्ध निष्कर्षाला भक्कम पुष्टी मिळाल्याबद्दल त्यांनी अभिनंदन केलं होतं. बाईंनी निबंध परत मागवून घेतला.

विभागप्रमुखांना हे कळलं तेव्हा ते जिन्यातच थांबले. "अहो बाई, आता तर तुम्ही बरोबर ठरलात! मग रडता कशाला?"

"मी बरोबर ठरले, की लोकांनी मला बरोबर करून ठेवलं, ते कळत नाहीये सर."

"फरक काय पडतो?"

"निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात काय लिहायचं, एवढाच."

पण फरक त्याहून मोठा होता आणि बाईंना तो झोंबत होता. जुन्या नोंदींत एकाच भागाची उदाहरणं मुळात थोडी होती. तिथे फरक दिसला नाही याचा अर्थ तो नव्हताच, असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. कदाचित दुकानदार तेव्हाही खाली बघत असतील, आणि बाईंचं पहिलं वाक्य चुकीच्या वाटेने का होईना, खऱ्या ठिकाणी पोचलं असेल. मग दुसरा निबंध चुकीचा. किंवा दुकानदार तेव्हा फक्त यंत्रच बघत असतील, आणि आज जुन्या चपलेतल्या माणसाला थोडं स्वस्त आणि चांगल्या बुटातल्याला थोडं महाग पडतंय ते एका तरुण संशोधिकेने स्टुलावर बसून घाईने काढलेल्या अनुमानामुळे. मग पहिला चुकीचा, पण आता खरा. दोन्हींपैकी काय, हे ठरवायला आजची दुकानं उपयोगाची नाहीत. ती सगळी ते वाक्य ऐकून बसली आहेत. त्यासाठी अशी दुकानं लागतील जिथली माणसं दुरुस्ती बापाकडून किंवा शेजाऱ्याकडून शिकली, ज्यांच्या हाती ती पुस्तिका पडली नाही, साखळीतून आलेला कोणी ज्यांच्या काउंटरमागे उभा राहिला नाही.

बाई अजून नोकरीत आहेत. त्यांच्या सायटेशन्सचा आकडा दर महिन्याला आपला आपण वाढतो. त्या तो बघत नाहीत. परिषदेला आलेला पाहुणा, बदली होऊन आलेला सहकारी, लांबच्या गावाहून कवळीचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक, कोणीही भेटलं की बाई चहा पुढे करतात आणि थोड्या वेळाने एकच प्रश्न विचारतात: तुमच्या बाजूला असं एखादं दुरुस्तीचं दुकान आहे का हो, जिथे माझं वाक्य अजून पोचलेलं नाही?